पेटीच्या पोटात काय असतं? – कुरुळीच्या भजनात भरलेला विज्ञानाचा तास



आज एका संध्याकाळबद्दल लिहितो आहे. सातवी-आठवीला 'ध्वनी' शिकवताना आपण फळ्यावर तरंग काढतो, वारंवारतेची व्याख्या लिहून देतो आणि मुलं ती पाठ करतात. परीक्षेत उत्तर बरोबर येतं. पण "तुझ्या घराजवळ रोज वाजणाऱ्या पेटीतून आवाज कसा येतो?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझा वर्गही झाला. मग ठरवलं की उत्तर वर्गात शोधायचं नाही, एकादशीच्या भजनाला जायचं.

आमचं कुरुळी पुणे-नाशिक महामार्गावर, मोशी आणि चाकणच्या मध्ये. एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला आळंदी. त्यामुळे गावात दोन घड्याळं चालतात, एक पाळीचं आणि एक पंचांगाचं. एकादशीला रात्री आठला मंदिरात भजन सुरू होतं. कुणी पहिली पाळी करून, आंघोळ करून आलेलं असतं. कुणी कंपनीच्या गणवेशातच टाळ हातात घेतं. रात्रपाळीवाला दोन अभंग म्हणून बस पकडायला उठतो, आणि त्याची जागा दुसरा घेतो. भजन थांबत नाही.

आधी डोळ्यांनी ऐका

मुलांना मी एकच काम दिलं होतं. प्रत्येक वाद्यात *काय हलतं* ते शोधायचं. तुम्हीही मुलांना भजनाला नेलंत तर हेच काम द्या.

टाळ सोपे. पितळ पितळावर आपटतं आणि थरथरतं. लगेच हाताने दाबलं की आवाज बंद, म्हणजे थरथर बंद.

पखवाजाला थोडा वेळ लागला. उजव्या तोंडावर काळी शाई असते, तिथून खणखणीत बोल येतात. डाव्या तोंडावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात. "पोळीची कणीक?" असं एका मुलीने मोठ्यानेच विचारलं. हो, तीच. कणकेने कातड्याचं वजन वाढतं, थरथर संथ होते आणि आवाज खाली, भरदार येतो. जड वस्तू हळू हलते आणि हळू हलणाऱ्या वस्तूचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, हा नियम मुलांना कणकेने शिकवला. माझ्या खडूला तो जमला नव्हता.

वीणेची तार तर थरथरताना दिसतेच. राहिली पेटी. तिच्यात काय हलतं? भाता हलतो, पट्ट्या खाली-वर होतात. पण आवाज त्यांचा नाही. मुलं अडकली.

पितळी जिभांची गोष्ट

पेटीच्या आत पितळी पट्ट्यांची रांग असते. आपण बोटाने दाबतो त्या पट्ट्या वेगळ्या, या आतल्या पट्ट्यांना पेटीवाले 'सूर' म्हणतात. एका छोट्या पितळी पाटीला लांबट खाच असते. त्या खाचेवर पातळ पितळी जीभ एका टोकाला रिव्हेटने घट्ट बसवलेली असते. दुसरं टोक मोकळं. जीभ खाचेपेक्षा किंचित, अगदी केसभर किंवा त्याहूनही कमी, अरुंद असते. म्हणून ती खाचेच्या कडांना न घासता आरपार झुलू शकते.

आता हवेचा प्रवास पाहा. डाव्या हाताने बाहेरचा भाता मारला की हवा आत जाते. आत दुसरा, स्प्रिंगने दाबलेला भाता असतो. तो हवा साठवून एकसारख्या दाबाने पुढे सोडतो. आपल्याकडे पाण्याची मोटार थांबून-थांबून चालली तरी वरच्या टाकीमुळे नळाला सारखं पाणी येतं, तसंच. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं आणि हवेला वाट मिळते. हवा जिभेला खाचेत ढकलते, जिभेची लवचिकता तिला परत आणते, हवा पुन्हा ढकलते. हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं. दर वेळी हवेचा झोत तुटतो, सुटतो, तुटतो, सुटतो. ती तुटक हवा आपल्या कानाला सूर म्हणून ऐकू येते.

साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला खर्ज आणि नर असे दोन सूर असतील तर आत 84 जिभा झाल्या.

हीच जीभ माउथ ऑर्गनमध्ये असते आणि अकॉर्डियनमध्येही. चीनमधलं शेंग हे तोंडाने वाजवायचं वाद्य याच तत्त्वावर कित्येक शतकं वाजतं आहे. युरोपात 1829 साली व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबेन यांनी हार्मोनियम आणलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. आपण बसतो जमिनीवर. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली आणि ती देशभर पसरली. अकॉर्डियन आणि आपली पेटी या सख्ख्या चुलत बहिणीच. एक गळ्यात अडकवायची, दुसरी मांडीसमोर ठेवायची. अकॉर्डियनचा भाता ओढताना आणि ढकलताना, दोन्ही वेळा सूर लागतो. एक जीभ एकाच दिशेच्या हवेला बोलते, म्हणून तिथे प्रत्येक सुराला जिभांची जोडी लागते.

मुलांना हिंदी गाण्यांतून अकॉर्डियन ऐकवता येईल. गूडी सीरवाई, केरसी लॉर्ड आणि आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स ही नावं सांगून ठेवा. 1969 च्या 'आराधना'मध्ये केरसी लॉर्ड यांनी वाजवलेलं अकॉर्डियन तर घरातल्या आजी-आजोबांनाही ओळखू येईल.

आणि एक सूर गप्प झाला

त्या रात्री तिसरा अभंग चालू होता. सा काळी चारला धरला होता आणि चालीत रे सारखा येत होता. रे म्हणजे काळी पाच. अचानक त्या पट्टीचा आवाज अर्धाच यायला लागला. खर्जाचा भरदार सूर गप्प, वरचा तेवढा बारीक ऐकू येत होता. पेटीवर बसलेले बाबा सत्तरीचे. त्यांनी दोनदा पट्टी ठोकून पाहिली, मान हलवली आणि तसंच पुढे रेटलं. अभंग संपल्यावर म्हणाले, "आता पुण्याला न्यावी लागणार. अन् आणून तरी काय, माझ्यामागं बसणार कोण हिच्यावर?"

कुणी काही बोललं नाही. हा प्रश्न बहुधा पहिल्यांदा निघाला नव्हता.

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक गृहस्थ उठले. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. परभणीकडचे, चार वर्षांपासून इथे भाड्याने राहतात, चाकणला कंपनीत तपासणी विभागात आहेत. पालकसभेत ते कधी तोंड उघडत नाहीत. त्यांचा मुलगाही वर्गात तसाच, "बाबा काय करतात?" याला "कंपनीत" एवढंच उत्तर देणारा.

"जरा बघू का?" त्यांनी विचारलं.

"बघा की, माऊली," बाबा म्हणाले आणि सरकून बसले.

त्यांनी वरचं झाकण काढलं, स्क्रू सैल केले आणि पट्ट्यांसकट सुरांची फळी उचलून उलटी धरली. माझी सगळी मुलं एव्हाना भोवती जमली होती. पितळी जिभांची ती रांग त्यांनी पहिल्यांदा पाहिली. एका टोकाला बोटाएवढी लांब, दुसऱ्या टोकाला नखाएवढी. "लहान जीभ, वरचा आवाज!" कुणीतरी ओरडलं. मी काहीच शिकवलं नव्हतं.

त्या गृहस्थांनी मोबाइलचा उजेड धरायला आपल्या मुलाला बोलावलं. जीभ आणि खाच यांच्यामध्ये सुताचा एक बारीक तंतू अडकला होता. खिशातल्या पावतीचा कोपरा त्यांनी जिभेखालून अलगद सरकवला, तंतू काढला, नखाने जीभ एकदा छेडली. ती टणकन वाजली. "कंपनीत आम्ही दिवसभर हेच बघतो," ते मुलांना म्हणाले. "दोन भागांत फट किती पाहिजे. जास्त झाली तर हवा गळते, कमी झाली तर भाग अडकतो. हिचंही तसंच हाय."

पेटी बंद केली, काळी पाच दाबली. पूर्ण सूर. बाबा म्हणाले, "आता बसा तुम्हीच." ते बसले. गावाकडच्या सप्ताहात लहानपणापासून वाजवत होते, हे तेव्हा कळलं. त्यांचा मुलगा शेवटपर्यंत पेटीला खेटून बसला होता, मोबाइलचा उजेड बंद करायचं विसरून.

पेटीचा एक दोष, आणि त्यातलं गणित

पेटीवर आक्षेपही पूर्वीपासून आहेत. मुलांना तेही सांगा, नाहीतर शिकवणं अर्धं राहतं. 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. का? दोन कारणं. एक, पेटीला मींड येत नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, पेटीला पायरीनेच जावं लागतं. दुसरं, पेटीचे सूर सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेले असतात आणि ते नैसर्गिक सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत.

हिशेब करून पाहू. सा 240 कंपनांचा धरला तर नैसर्गिक शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे 300. पेटीचा गंधार येतो सुमारे 302.4. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज कमी-जास्त होताना ऐकू येतो. पंचम मात्र जवळजवळ जुळतो, 360 ऐवजी 359.6. अपूर्णांक आणि दशांश शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

तरीही पेटी टिकली. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी तिला गळ्याच्या जवळ नेलं. आणि गावोगावच्या भजनात ती राहिली, कारण पन्नास माणसांना एका पट्टीत धरून ठेवायचं काम ती चोख करते. भाता जोरात मारा की हळू, आवाज लहान-मोठा होतो, सूर जवळपास जागचा हलत नाही. बासरीत जोरात फुंकलं तर सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. पेटीवर हा धोका नाही.

वर्गात आणि घरी करून पाहा

1. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा. 20 सेंटिमीटर बाहेर ठेवून छेडा, मग 10 सेंटिमीटर. लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट होत नाहीत, सुमारे चौपट होतात. मोबाइलवर संथगतीत चित्रित करून मोजा.

2. पट्टीच्या मोकळ्या टोकाला थोडी कणीक चिकटवा. कंपनं मंदावतात का? पेटी लावणारे कारागीर याच्या उलट करतात. सूर चढवायचा असेल तर जिभेचं टोक किंचित घासतात, उतरवायचा असेल तर मुळाशी घासतात. असं का, हे मुलांनाच विचारा.

3. जुना माउथ ऑर्गन असेल तर उघडून जिभा दाखवा. मग सांगा की अकॉर्डियन, पेटी आणि हा एकाच कुळातले.

4. घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला कोणतं वाद्य वाजवता येतं, याची यादी मुलांना करायला लावा. पालकांच्या नावापुढे 'नोकरी' लिहितो, तिथे आणखी एक रकाना वाढवा: 'काय येतं?'

हा शेवटचा उपक्रम मी त्या एकादशीनंतर सुरू केला. माझ्या 38 मुलांच्या वर्गात पाच घरी पेटी वाजवणारं कुणीतरी निघालं. त्यातली चार घरं भाड्याने राहणारी. भजनात ते मागच्या भिंतीला टेकून बसत होते, कारण पुढे या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांची मुलं माझ्या वर्गात होती, म्हणजे विचारण्याचं काम माझंही होतं. मी विचारलं नव्हतं.

आता दर रविवारी सकाळी मंदिरात बाबा आणि ते गृहस्थ मिळून मुलांना पेटी शिकवतात. सध्या सहा मुलं येतात. रविवारी पाळी आली तर एकटे बाबा. अजून सा रे ग म च्या पुढे गाडी गेलेली नाही, आणि पेटी एकच असल्यामुळे भांडणं भरपूर.

पालकहो, पुढच्या एकादशीला मुलांना घेऊन जा. शिक्षक मित्रांनो, ध्वनीचा पाठ त्याच आठवड्यात ठेवा. आणि तुमच्या गावातल्या पेटीवाल्या बाबांनाही विचारा, त्यांच्यामागे कोण बसणार आहे?