घुसळखांबाचा काळ

इगतपुरी तालुक्याच्या डोंगरपट्टीत महादेव कोळी व ठाकरांच्या घरी जी डांगी गाय पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असे, ती मुळातच अल्पदुग्धा; अंगावरच्या तेलकट स्रावामुळे सह्याद्रीचा धुवाधार पाऊस जिच्या कातडीवर टिकत नाही आणि काळ्या, कणखर खुरांनी जी भातखाचरांतला चिखल नि घाटाची खडकाळ वाट सारख्याच सहजतेने तुडविते, ती पाळायची मुख्यतः बैलांसाठी. आगगाडी १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीस आली खरी. परंतु आडगावच्या शेरभर दुधाला तिचा उपयोग नव्हता. वासराला पाजून उरलेले दूध विरजावे आणि दोनचार दिवसांचे दही साठवून घुसळावे, हाच रिवाज.

पहाटे घुसळखांबाच्या दोरकड्यांत रवी अडकवून, दोराची टोके आलटूनपालटून ओढणारी गृहिणी डेऱ्यात न डोकावताही आवाजावरून लोणी ओळखी: आरंभीचा जड घुमारा पातळ होत जाई आणि रवीच्या पाकळ्यांना पिवळसर कण धरू लागत. पौषाच्या गारठ्यात ते कठीण राहून एकमेकांना चिकटेनासे झाले, की कोमट पाण्याचा हबका मारावा. चैत्रात ते मऊ पडून निसटू लागले, की गार पाण्याचा.

दूरच्या आयर्लंडात, घुसळण चालू असताना आलेल्या पाहुण्याने तिला हात न लावल्यास लोण्याची बरकत जाते, असे मानीत. आणि तेथील घरोघरचे लोणी कॉर्कच्या बाजारात प्रतवारी होऊन समुद्रापार जाई. आपल्याकडे लोणी कढवून त्याचे तूप बाजारात जाई आणि ताक घरी राही. ते विकणे गैर समजले जाई. शेजारीण भांडे घेऊन आली, तर तिला रिकामी पाठवीत नसत. नागलीच्या भाकरीला खरी जोड या ताकाचीच होती, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील श्रेष्ठ फलित तेच.

१९३७ पासून डालडा आला आणि तुपाला स्वस्त स्पर्धक मिळाला. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले, संकरित गाई आल्या, संकलन केंद्रांवर फॅट पाहून दुधाचे दाम मिळू लागले. रोकड आली, बायकांच्या मनगटांचा ताण सरला. हे लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. पण दूध नासण्यापूर्वीच घराबाहेर पडू लागले, तसे मुलांच्या ताटातले ताक आटले. डांगी गोवंशाच्या संवर्धनाच्या योजना आखताना पशुसंवर्धन खात्याने केवळ लिटर मोजू नयेत; घरात राहणाऱ्या या ताकाचीही नोंद दप्तरी करावी.