कान तयार होताना

बाळकृष्ण केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत कानांवर पडत राहिलं की लोकांची अभिरुची आपोआप उंचावेल, असा त्यामागचा हिशेब. लोकांनी रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे चित्रपटगीतांची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला चित्रपटगीतं वाजवणारी विविध भारती काढावीच लागली. आवड शिकवून येत नाही, ज्याची त्याची उपजत असते, हे पटवायला हा दाखला नेहमी पुढे केला जातो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. केसकरांनी श्रोत्याला नवं ऐकवलं खरं, पण त्याच्या पायाखालची ओळखीची जमीन काढून घेऊन.

याच्या उलट प्रयोग महाराष्ट्रात छत्तीस वर्षं आधीच झाला होता. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं खाडिलकरांचं 'स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे पक्क्या ख्यालियाच्या. प्रेक्षक यायचे ते रुक्मिणीची गोष्ट बघायला आणि त्या भूमिकेतल्या बालगंधर्वांना डोळे भरून पाहायला. रागदारी शिकायला नव्हे. पण 'नाथ हा माझा' हे पद यमन रागातलं. पहिल्यांदा ऐकताना लक्ष शब्दांवर आणि नटावर. मग मुखडा गुणगुणता येतो. आणखी काही वेळा ऐकलं की गळा शुद्ध मध्यमाऐवजी किंचित वरच्या, तीव्र मध्यमावर जातो ती जागा नाव माहीत नसतानाही कान हेरू लागतो. असा श्रोता उद्या यमनचा ख्याल ऐकायला बसला, तर शब्द नवे असले तरी वाट पायाखालची असते.

केवळ परिचयानं गोष्टी आवडू लागतात, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये अर्थहीन शब्द आणि अनोळखी चिन्हं वापरून दाखवलं होतं. मात्र परिचयालाही मर्यादा आहे. गणपतीच्या दिवसांत मांडवातलं एकच गाणं सकाळ-संध्याकाळ ऐकणाऱ्याला ती वेगळी सांगायला नको.

आवड घडवता येते, यावरचा खरा आक्षेप वयाचा आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अमेरिकेतल्या पाहणीत, आपण साधारण चोविशीत असताना गाजलेली गाणी लोकांना सर्वांत प्रिय असल्याचं दिसलं. मग चाळिशीनंतर कान बदलणार तरी कसा? पण ती पाहणी जुन्या लोकप्रिय गाण्यांची होती. कोणती गाणी आपण जपून ठेवतो, हे तिनं सांगितलं; नवं काही आवडू लागेल का, हा प्रश्न तिनं विचारलाच नव्हता. जपणं आणि शिकणं एकाच माणसात सुखानं नांदतं. भीमसेन जोशींची 'संतवाणी' घ्या. अभंग लहानपणापासून पाठ असलेल्या प्रौढ श्रोत्यापुढे त्याच शब्दांतून आलापी आणि तान येते. जुनं काहीच सोडावं लागत नाही, म्हणून नवं परकं वाटत नाही.

आज ही सोय मोबाइलवर आयती आहे, असं कुणी म्हणेल. आवडलेल्यासारखंच पुढचं गाणं ॲप लगेच वाजवतं, म्हणजे ओळखीची जमीन भरपूर. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. नाही रुचलं तर अर्ध्या मिनिटात पुढे ढकलायची बोटाला सवय लागली आहे, आणि किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनही तेवढ्यात पुरं होत नाही.