दम्याचा पंप आणि न विचारलेले प्रश्न

‘डॉक्टर, पंप नको. गोळीच द्या.’ छातीच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलं, तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतं. डॉक्टर समजावतात, रुग्ण मान डोलावतो, पंप घरी येतो आणि आठ दिवसांत कपाटातल्या डब्यांमागे जातो. पुढच्या खेपेला ‘पंप घेताय ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’.

दम्याच्या उपचाराचा निर्णय डॉक्टर घेतात, हा या विषयातला पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. शेवटचा निर्णय रुग्णच घेतो. घरी, गुपचूप, शेजारणीच्या किंवा मेव्हण्याच्या सल्ल्याने. डॉक्टरांना तेवढा तो कळत नाही. आजारांच्या जागतिक भाराचा 2019 सालचा अंदाज सांगतो की जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त इथे होतात. हवा, धूर, गरिबी ही कारणं आहेतच. पण कपाटातला तो पंपही आहे.

‘दमा नाही हो, ॲलर्जिक ब्रॉंकायटिस आहे’

लपवाछपवी नावापासूनच सुरू होते. ‘दमा’ म्हटलं की घरचे हबकतात, मुलीचं लग्न ठरायचं असेल तर विचारूच नका. म्हणून काही डॉक्टरही सौम्य नाव वापरतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. ब्रॉंकायटिस म्हणजे खोकला, तो गेला की औषध संपलं, असा सरळ अर्थ रुग्ण काढतो. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सतत सूज असते. त्रास नसतानाही ती थोडीफार असते. धूळ, थंड हवा, फोडणीचा ठसका, पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी अशा एखाद्या निमित्ताने नलिका आवळतात आणि मग छातीत शिट्टी वाजते. मोठेपणी पहिल्यांदा दमा होऊ शकतो, चाळिशीतही. एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो, त्यामुळे ‘फोटोत काही नाही’ यावर समाधान मानू नये. निदानासाठी फुंकण्याची तपासणी असते, ती स्पायरोमेट्री. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन ती पुन्हा करतात आणि किती फरक पडला ते पाहतात.

‘पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही’

इथे थोडं गणित करू. सॅल्ब्युटामॉलची एक नेहमीची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात तेच औषध असतं 100 मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस दाबांचं औषध पोटात जातं, तिथून रक्तात, सगळ्या अंगभर फिरून थोडं छातीत. हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम मिळतो उशिरा. पंपाचं औषध हवं तिथेच, काही मिनिटांत पोहोचतं. तरी आपल्याला गोळी सौम्य वाटते आणि पंप जहाल! मूठभर प्लास्टिकने एवढी बदनामी कशी कमावली, हे मला कोडंच आहे.

खरी भीती ‘स्टेरॉइड’ या शब्दाची असते. ती अगदीच बिनबुडाची नाही, पण चुकीच्या जागी चिकटली आहे. पंपातलं स्टेरॉइड सूज उतरवतं, त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. त्याने आवाज बसू शकतो, तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात. म्हणून पंप घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं. जास्त मात्रा वर्षानुवर्षं चालू असेल तर डोळे आणि हाडं तपासून घ्यावीत. पण पंप टाळणाऱ्याला वारंवार अटॅक येऊ शकतो आणि तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही मिलिग्रॅममध्ये. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू हे सगळं वारंवारच्या त्या मात्रेने होतं. ‘पूर्ण देशी’ म्हणून मिळणाऱ्या काही भुकट्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. स्टेरॉइड नको म्हणून जी पुडी घेतली, तिच्यातच ते असतं.

‘बरं वाटतंय, मग औषध कशाला?’

पंप मुख्यतः दोन जातींचे. एक लगेच आराम देणारा, दुसरा रोज घेऊन सूज आटोक्यात ठेवणारा. पहिल्याचा गुण ताबडतोब कळतो, दुसऱ्याचा कळतच नाही. म्हणून पहिला खिशात राहतो आणि दुसरा सुटतो. ब्रिटनमध्ये दम्याच्या 195 मृत्यूंची बारकाईने छाननी झाली, अहवाल 2014 मध्ये आला. ज्यांच्या औषधांची नोंद मिळाली, त्यांतल्या 39 टक्के लोकांना शेवटच्या वर्षात आराम देणारे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. अटॅक आल्यावर काय करायचं याची लेखी योजना मात्र जेमतेम 23 टक्क्यांच्या हाती होती.

जागतिक मार्गदर्शक संस्था ‘जिना’ने 2019 मध्ये स्पष्टच सांगितलं की प्रौढांना नुसता आराम देणारा पंप देऊन सोडू नये, सोबत स्टेरॉइड हवंच. दोन्ही औषधं एकत्र असलेले पंपही मिळतात, त्यांतले काही रोजही आणि गरजेलाही वापरता येतात. हे डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे. वर्षाला आराम देणारे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असं समजा.

‘मला सगळं सांगतील, डॉक्टर आहेत ना’

नाही सांगणार. बाहेर चाळीस माणसं खोळंबली आहेत. पण विचारलं तर बऱ्याचदा सांगतात, आणि विचारण्याचा फायदा मोजलेला आहे. अमेरिकेत दमा आटोक्यात नसलेल्या 612 प्रौढांवर एक अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना नेहमीसारखेच उपचार मिळाले. काहींना नीट माहिती दिली, औषध मात्र उपचार देणाऱ्यांनीच ठरवलं. उरलेल्यांसोबत बसून त्यांना काय हवं, कशाची भीती वाटते, काय परवडतं हे विचारून औषध दोघांनी मिळून ठरवलं. वर्षभरात औषध हाताशी असण्याचं प्रमाण पहिल्या गटात 46 टक्के, दुसऱ्यात 59 आणि मिळून ठरवणाऱ्यांत 67. त्यांचा दमाही नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा जास्त आटोक्यात राहिला.

मिळून ठरवायचं म्हणजे रुग्णाने डॉक्टर व्हायचं नाही. शिक्षिकेचा आवाज बसून चालत नाही, तिने ते सांगावं, म्हणजे पंपाला जोडायची नळी (स्पेसर) किंवा दुसरं उपकरण पाहता येईल. पिठाच्या गिरणीत, बेकरीत, रंगाच्या फवारणीवर काम करणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी बरं आणि कामावर गेल्यावर त्रास होत असेल, तर हा सगळ्यात मोठा धागा आहे, आणि तो फक्त त्याच्याकडे आहे. पैशांची अडचण असेल तर तीही तोंडाने सांगायची. काही पंप जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. रक्तदाबाच्या काही आणि दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी काहींचा दमा उसळतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची औषधंही दाखवायची.

पंपाचा जन्मच एका प्रश्नातून झाला. 1955 मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमा असलेल्या मुलीने विचारलं, की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं का मिळत नाही? पुढच्याच वर्षी दाबून औषध देणारा पंप बाजारात आला.

आणखी काही, थोडक्यात. केळं आणि दही बहुतेकांना चालतं. एखाद्याला खरंच त्रास होत असेल तर त्याने टाळावं, घरादाराला बंदी नको. व्यायाम बंद करू नये. दमा असलेल्या पॉला रॅडक्लिफने 2003 ची लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत जिंकली, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. गरोदरपणात पंप थांबवला तर बाळाला धोका जास्त, कारण आईला श्वास पुरला नाही तर त्यालाही पुरत नाही. हैदराबादला मृग नक्षत्रावर दमेकऱ्यांना गिळायला देतात तो मासा आणि कोजागिरीची औषधी खीर यांनी दमा बरा होतो याचा पुरावा नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याने खीर खावी, पंप सोडू नये.

दोन शब्दही सलग बोलता येत नसतील, ओठ निळसर पडले असतील, किंवा पंपाचा गुण तीन-चार तासही टिकत नसेल, तर विचारत बसायची वेळ नाही. सरळ दवाखाना गाठा.

एरवी पुढच्या भेटीला घरातले सगळे पंप पिशवीत घालून घेऊन जा, कपाटातला धरून. डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा. दाबायचा पंप सावकाश, लांब श्वासाबरोबर घ्यायचा आणि दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. कॅप्सूलचा पंप जोरात ओढायचा, आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. निघताना एकच मागा: ‘त्रास वाढला तर मी काय करायचं, ते कागदावर लिहून द्या.’