पट्टी पोराच्या हातात द्या!

कांदा विकून तुम्ही बाजार समितीतून सांजच्याला घरी येता. खिशातली पट्टी काढून खुंटीवरच्या पिशवीत टाकता. हातात किती पडले तेवढे मोजता, बाकीचे आकडे कोण वाचतो! त्याच घरात, त्याच दिव्याखाली सातवीतली लेक गणित सोडवीत बसलेली असते. 'एका दुकानदाराने वस्तू एवढ्याला घेतली, तेवढ्याला विकली, तर शेकडा नफा किती?' तिच्या वहीतला दुकानदार खोटा, तुमच्या पिशवीतली पट्टी खरी. पण या दोघांची गाठ काही पडत नाही. ती घालून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या वाडवडिलांची शाळा चौथीच्या पुढे फारशी गेली नाही. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी त्यांना तोंडपाठ. पायली-शेराचा हिशोब बोटावर. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले आणि हे पाढे मागे पडले. त्यांची जागा शेकडेवारीने घेतली. ही शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज सहावी-सातवीत शिकवतात. म्हणजे इलम घरात आलेला आहे, फक्त दप्तरातून बाहेर निघालेला नाही.

पट्टीचे गणित

समजा, १८ क्विंटल ४० किलो कांदा नेला. भाव पुकारला क्विंटलला १,३५० रुपये. पोराला विचारा, रक्कम किती? १८.४ गुणिले १,३५०, म्हणजे २४,८४० रुपये. आता हमाली-तोलाई मिळून क्विंटलला १२ रुपये धरा. ते झाले २२० रुपये ८० पैसे. गाडीभाडे १,५०० रुपये. हाती राहिले २३,११९ रुपये २० पैसे. याला पुन्हा १८.४ ने भागा. क्विंटलला पडले १,२५६ रुपये. गावात आपण सांगतो, "साडेतेराशेनं गेला." खरा गेला साडेबाराशेने. काढणी, बारदान आणि बियाणे तर अजून वजा व्हायचेच आहे.

आता यात कोणी 'क्विंटलमागे एक किलो कडता' धरला तर? एक किलो म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण १८ किलो ४०० ग्रॅम कांदा गेला, म्हणजे २४८ रुपये ४० पैसे गेले. एका पट्टीचे एवढे, तर हंगामातल्या दहा पट्ट्यांचे किती, हे पोरगा तोंडी सांगेल. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय २०१६ साली झाला. कांदा-बटाटाही त्यात आला. तेव्हा पट्टीवरच्या प्रत्येक कपातीसमोर बोट ठेवून 'ही कशाची?' असे विचारायला शिका. उत्तर पटले नाही तर बाजार समितीच्या कार्यालयात जा आणि पट्टी सोबत न्या.

'शेकडा तीन' म्हणजे किती?

सगळ्यात मोठी फसगत इथे आहे. शाळेच्या पुस्तकात व्याजाच्या दरामागे 'द.सा.द.शे.' लिहिलेले असते. म्हणजे दर साल, दर शेकडा. गावात सावकार म्हणतो 'शेकडा तीन', ते असते दरमहा! शब्द तोच, पण हिशोब बारापट.

पेरणीला २०,००० रुपये शेकडा तीनने उचलले. महिन्याचे व्याज ६०० रुपये. जूनअखेर घेतले आणि फेब्रुवारीअखेर फेडले, म्हणजे आठ महिने. व्याज झाले ४,८०० रुपये. वर्षाचा दर पडला ३६ टक्के. हीच रक्कम ७ टक्के दराने आठ महिने वापरली असती, तर व्याज ९३३ रुपये झाले असते. शिवाय पीककर्ज वेळेत फेडले, तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे व्याज शून्यावर येते. वेळेत हा शब्द मात्र लक्षात ठेवा. तारीख हुकली की सवलत गेली.

अडीअडचणीला सावकाराकडे जावे लागते, हे कबूल. पण २०१४ च्या कायद्याने सावकाराला परवाना लागतो. परवाना बघा, पावती घ्या आणि अंगठा उठवण्याआधी पोराकडून वर्षाचा दर काढून घ्या.

गोणी ४५ किलोची

युरियाची गोणी ५० किलोची असायची. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. तरी आपण अजून गोणीच्या हिशोबानेच खत टाकतो. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे जुन्या गोणीत २३ किलो नत्र, आताच्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची असेल आणि ते सगळे युरियातून द्यायचे असेल, तर युरिया लागेल २१७ किलो. पूर्वी ते साडेचार गोण्यांच्या आत भागायचे, आता पावणेपाचाच्या वर लागते. हे गणित एकदा सातवीच्या मुलीकडून करून घ्या, ती विसरायची नाही आणि तुम्हीही.

गोणीवर छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. दुकानात ३०० मागितले, तर साडेतेहतीस रुपये जास्त, म्हणजे शेकडा साडेबारा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर एक पैसाही जास्त द्यायचा नसतो. बिल मागा. बिल नाही तर तक्रारीला आधार नाही. पंचायत समितीचा कृषी विभाग तालुक्यालाच आहे आणि ग्राहकांसाठी १९१५ हा फोन नंबर आहे.

हप्त्याचा मोबाइल

'फक्त १,८५० रुपये महिना!' अशी पाटी असते. रोखीने मोबाइल ११,००० चा. हप्त्याने घेतला, तर आधी २,००० आणि मग सहा हप्ते. बेरीज करा : १३,१००. उधार राहिले होते ९,०००, त्यावर २,१०० जास्त गेले. सहा महिन्यांत शेकडा २३! 'बिनव्याजी' म्हणणाऱ्याला रोखीचा भाव आधी विचारावा, हा साधा नियम पोरांना आत्ताच शिकवून ठेवा. चार वर्षांनी तीच हप्त्यावर गाडी मागणार आहेत.

गावाने काय करावे?

पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत बालबाजार भरतो. पोरे भाजी, चणे-फुटाणे, भेळ विकतात, पालक कौतुकाने घेतात. तिथेच थांबू नका. भांडवल किती, माल किती उरला, खरा नफा शेकडा किती, हे वहीत मांडायला लावा. शाळा व्यवस्थापन समितीने गावातल्या जुन्या पट्ट्या आणि खतांची बिले गोळा करून गुरुजींना द्यावीत. नावे झाका, आकडे राहू द्या. ग्रामपंचायतीने घरपट्टी-पाणीपट्टीची नमुना पावती शाळेत पाठवावी. याला अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही, मनात आणावे लागते.

आणि एक. बाजारात मुलीने "आप्पा, बेरीज चुकली" म्हटले, तर "लहान तोंडी मोठा घास" म्हणून तिला गप्प करू नका. चारचौघांत आपली चूक पोरीने काढली, याची लाज कसली? चूक पट्टीवर आहे, तिच्यात नाही. एकदा दटावलेले पोर दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही आणि मग सातवीपर्यंतचे शिक्षण दप्तरातच राहते.

आज रात्री जेवण झाले की खुंटीवरची पिशवी खाली काढा. एक पट्टी निवडा, पोराच्या हातात द्या आणि म्हणा, "बघ रे बाळा, बरोबर आहे का?"