खालची निवडणूक, वरचा टक्का

निफाड तालुक्याला लोकसभेसाठी 20 मे 2024 पेक्षा सोयीचा मुहूर्त मिळाला नसता. द्राक्षांची काढणी उरकलेली, उन्हाळ कांदा चाळीत पडलेला. शिवाय डोक्यात राग होताच. डिसेंबर 2023 मध्ये बंद झालेली कांद्याची निर्यात 4 मेला खुली झाली, पण टनामागे 550 डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि वर 40 टक्के शुल्क लावून. मतदानाला पाच दिवस उरले असताना पिंपळगाव बसवंतला खुद्द पंतप्रधानांची सभा झाली. आणि एवढं होऊन निफाड ज्यात येतो त्या दिंडोरी मतदारसंघाचा टक्का किती? 66.75.

सुमारे साडेअठरा लाख मतदारांपैकी सहा लाखांहून जास्त जण आलेच नाहीत. भास्कर भगरे जिंकले ते सुमारे 1 लाख 13 हजारांनी. न आलेले त्याच्या पाचपटीहून अधिक! तरी दिंडोरीला नावं ठेवायला जागा नाही. त्याच दिवशी शेजारच्या नाशिकने 60.75 गाठले आणि दक्षिण मुंबई कशीबशी पन्नाशीला टेकली. सुखवस्तू शहर घरी आणि खेडं रांगेत, हे चित्र पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासकाला उलटंच वाटेल.

उन्हाचं कारण सगळेच सांगतात. ते खोटं नाही, पण पुरत नाही. खरी गंमत निवडणुकांच्या उतरंडीत आहे. अमेरिकेत अध्यक्ष निवडायला झुंबड उडते आणि महापौर निवडायला अनेक शहरांत पाव मतदारही येत नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्राने 2024 मध्ये लोकसभेला 61 टक्क्यांच्या आसपास मतदान केलं आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला 66. (2019 मध्ये मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच झालं होतं, हा काही निसर्गनियम नव्हे.) ग्रामपंचायतीला तर ऐंशीच्या पुढे टक्का गेला तरी गावात कुणाला नवल वाटत नाही.

का वाटेल? वॉर्डात मतदार काहीशे. उमेदवार भावकीतला, नाहीतर बांधाला बांध लागलेला. दोन-चार मतांनी पॅनल पडतं. मतं समसमान झाली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. तुम्ही गेला नाहीत हे संध्याकाळपर्यंत पारावर कळतं, आणि पुण्याला असाल तर न्यायला गाडीही येते. लोकसभेला लाखाच्या फरकात आपलं एक मत कुठे दिसणार? दिल्लीच्या एका आदेशाने कांद्याचा भाव पडतो हे प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी ओढ मात्र ग्रामपंचायतीची. सत्ता जिथे मोठी तिथे मत लहान वाटतं, असा हा विलक्षण व्यस्त हिशेब आहे.

आता टक्केवारीच्या छेदाकडे पाहा. छेदात यादीतलं प्रत्येक नाव धरतात. आजोबा वारले, पण कुणी नाव वगळायचा सात नंबरचा अर्ज भरला नाही. मुलगी सासरी गेली, तिकडे नाव लागलं आणि इकडचं राहिलं. ही नावं मतदान करूच शकत नाहीत, पण टक्का खाली ओढतात. म्हणजे ‘उदासीन’ म्हणून ज्यांना आपण झोडपतो त्यांच्यातले काही या जगातच नसतात.

उरतात परगावी गेलेले. त्यांच्यासाठी निवडणूक आयोगाने एक अचाट यंत्र तयार केलं होतं: एकाच केंद्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान! 16 जानेवारी 2023 ला पक्षांना ते दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंकांची सरबत्ती केली, आणि 2024 च्या लोकसभेत ते वापरलं गेलं नाही. त्यामुळे पुण्यात नोकरी करणाऱ्या, पण नाव निफाडच्या यादीत असलेल्या मतदाराला गावीच यावं लागलं. पुण्याचं मतदान 13 मेला झालं, म्हणजे तिथली सुट्टी त्याला नको त्या दिवशी मिळाली. 20 तारखेला सोमवार होता. त्या दिवशीची भरपगारी सुट्टी हा कायद्याने त्याचा हक्क होता, पण ती साहेबांकडून मागून घ्यायची होती.