लगोरी (एबीयू रोबोकॉन २०२२)

लगोरी हा एबीयू रोबोकॉन या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी यंत्रमानव स्पर्धेच्या २०२२ सालच्या खेळाचा विषय होता. ही स्पर्धा ऑगस्ट २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. महाराष्ट्रात लगोरी, लगोऱ्या किंवा लिंगोरचा या नावांनी परिचित असलेला मैदानी खेळ यंत्रमानवांना खेळता यावा, अशा रीतीने तिचे नियम आखलेले होते.

पार्श्वभूमी

एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेतर्फे भरवली जाते. पहिली स्पर्धा २००२ साली तोक्यो येथे झाली. प्रतिवर्षी यजमान देश नवा विषय आणि नवे नियम जाहीर करतो. त्यामुळे एका वर्षी यशस्वी ठरलेले यंत्र पुढील वर्षी तसेच्या तसे उपयोगी पडत नाही. विषय बहुधा यजमान देशाच्या जीवनातून निवडला जातो. इंडोनेशियाने २०१५ साली बॅडमिंटन, तर व्हिएतनामने २०१८ साली ‘नेम कोन’ हा पारंपरिक खेळ निवडला होता. भारतात ही स्पर्धा याआधी २००८ आणि २०१४ साली पुणे येथे झाली. त्यांपैकी २००८ सालचा ‘गोविंदा’ हा विषय दहीहंडीवर आधारलेला होता.

मूळ खेळ

मूळ खेळात चपट्या दगडांची किंवा ठिकऱ्यांची, बहुधा सातांची, उतरंड रचतात. एका संघाचा गडी ठरलेल्या अंतरावरून चेंडू मारून ती फोडतो. त्यानंतर त्याच संघाने ती पुन्हा रचायची असते आणि प्रतिस्पर्धी संघ रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करण्याचा प्रयत्न करतो. नेम, चपळाई आणि हाताची स्थिरता हे तिन्ही गुण या खेळात एकाच वेळी पणाला लागतात.

खेळाचे नियम

स्पर्धेत लाल व निळा असे दोन संघ समोरासमोर येतात. प्रत्येक संघाचे दोन यंत्रमानव असतात. सामना प्रत्येकी ९० सेकंदांच्या दोन फेऱ्यांचा असून दुसऱ्या फेरीत भूमिकांची अदलाबदल होते. त्यामुळे प्रत्येक संघाला लगोरी रचण्याची आणि रचणाऱ्याला अडवण्याची समान संधी मिळते.

लगोरी पाच चकत्यांची असते. सर्वांत मोठी चकती तळाशी, तर सर्वांत लहान शिखरावर असते. रचणाऱ्या संघाचा एक यंत्रमानव चेंडू फेकून लगोरी फोडतो आणि दुसरा विखुरलेल्या चकत्या पुन्हा क्रमाने रचतो. रचणाऱ्या यंत्रमानवाच्या माथ्यावर एक चेंडू ठेवलेला असतो. तो आपल्या चेंडूने पाडणे हे प्रतिस्पर्धी संघाचे लक्ष्य असते.

माथ्यावरील चेंडूची ही योजना या नियमांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद म्हणता येईल. मूळ खेळात चेंडू अंगाला लागला की नाही, यावरून गड्यांमध्ये हमखास वाद होतो. यंत्राला तर लागल्याची जाणीवही नसते. माथ्यावरचा चेंडू पडला की नाही, हे मात्र पंचांना आणि प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसते. त्यामुळे बाद करण्याची मूळ कल्पना कायम राहून निर्णय निर्विवाद होतो. शिवाय रचणाऱ्या यंत्रापुढे दुहेरी पेच उभा राहतो. त्याने वेगाने हालचाल केली, तर माथ्यावरचा चेंडू डळमळण्याचा धोका असतो. सावकाश केली, तर ते सोपे लक्ष्य ठरते.

संघ आणि यंत्रांवरील मर्यादा

संघात एकाच शिक्षणसंस्थेतील तीन विद्यार्थी आणि एक मार्गदर्शक असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना भाग घेता येत नाही. विद्युत्‌घटांचा दाब २४ व्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये आणि संपीडित हवेचा दाब ६०० किलोपास्कलच्या आत असावा लागतो. प्रत्येक यंत्रावर आपत्कालीन थांबकळ अनिवार्य असते.

यंत्राची रचना कशी असावी, हे मात्र नियम सांगत नाहीत. चेंडू फिरत्या चाकांनी फेकावा की झटक्याने, चकती पकडून उचलावी की खालून आधार देऊन, हे विद्यार्थ्यांनीच ठरवायचे असते. साध्य आणि मर्यादा नियमांनी निश्चित करायच्या व साधन विद्यार्थ्यांवर सोपवायचे, या विभागणीमुळे एकाच नियमावलीतून परस्परांहून अगदी भिन्न यंत्रे निर्माण होतात.