बेसिन म्हातारं झालं नाही!

दोस्तांनो, नांदेड-लातूरकडे ज्या घरात बोअरचं पाणी येतं, तिथलं प्लास्टिकचं बेसिन जरा निरखून बघा. नळाखाली पांढरा, खरखरीत थर. कडेला पिवळट डाग. तळाशी ओरखडे. ‘झालं जुनं, टाकून द्या’, असं मोठी माणसं म्हणतात. थांबा! यातलं निम्मं म्हातारपण खोटं असतं.

तो पांढरा थर म्हणजे चक्क दगड! आपल्याकडे बऱ्याच भागात जमिनीखाली काळा पाषाण आहे. जमिनीत मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. हेच ते दुष्फेन पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

मग वीट किंवा तारेची घासणी घेऊन तुटून पडायचं? मुळीच नाही! प्रत्येक ओरखड्यात नवा मळ बसतो, आणि पुढच्या वेळी धुवायला आणखी पाणी लागतं. हा दगड खरवडायचा नसतो, विरघळवायचा असतो.

कसा? आधी साबणाने तेलकटपणा काढा. मग जुनं फडकं व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवून थरावर अर्धा तास पसरून ठेवा. बारीक बुडबुडे दिसले, तर समजा आम्ल क्षारांना फोडतंय. तो कार्बन डायऑक्साइड वायू! जुन्या टूथब्रशने हलकेच घासा आणि एक मगभर पाण्यात धुऊन टाका. थर जाड असेल, तर पुन्हा तेच करा.

पिवळ्या डागांवर खायच्या सोड्याची ओली पेस्ट लावा. पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको. दोघं एकमेकांचा जोर घालवतात. उकळतं पाणीही नको, प्लास्टिक वाकडं होतं.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: ब्लीचिंग पावडरमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचं ॲसिड कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ॲसिडच्या बाटलीला तर हातच लावायचा नाही.

उन्हाने उडालेला रंग मात्र परत येणार नाही, हेही खरं.

एका बेसिनसाठी एवढा खटाटोप कशाला? २०१६ चा दुष्काळ आठवा, नाहीतर घरी विचारा. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी! त्या गाडीच्या वाघिणी आधी कोट्याच्या कारखान्यात वाफेने साफ केल्या होत्या. म्हणजे स्वच्छतेला धो-धो पाणी लागतंच असं नाही. योग्य युक्ती लागते.

आता रोज रात्री बेसिन कोरड्या फडक्याने पुसायचं काम तुमचं. थेंबच वाळला नाही, तर दगड बसणार कुठून?